मेलेल्या पक्ष्याचं पोट, जिवंत पक्ष्याचं ताट

गेल्या महिन्यात कोल्हापुरात रंकाळा तलावाजवळ पक्षीप्रेमींची एक बैठक झाली. पडद्यावर प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटावरच्या अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याच्या पिल्लाचं छायाचित्र होतं. पिसं विस्कटलेली, पोट उघडं पडलेलं, आत बाटल्यांची झाकणं, लायटर आणि प्लॅस्टिकचे रंगीत तुकडे. सभागृह हळहळलं आणि मग वाद पेटला. कुणी म्हणालं, प्लॅस्टिक बंद करा, पक्षी वाचतील. कुणी म्हणालं, प्लॅस्टिक राहू दे, खरा गुन्हेगार ट्रॉलरवाला आहे. तिसऱ्याने तापमानवाढीकडे बोट दाखवलं आणि आपल्या हातात काहीच नाही असं सांगून टाकलं. शेवटी मालवणकडून इथल्या विद्यापीठात शिकायला आलेला एक मुलगा उठला. "काका, आमच्या घरात तीन पिढ्या रापण ओढतात. आता आम्ही जाळं टाकायचंच नाही का?" त्याला कुणीही नीट उत्तर दिलं नाही. जो तो आपापलं कारण घेऊन आला होता, तेच घेऊन घरी गेला.

माझं म्हणणं सरळ आहे. समुद्रपक्षी का कमी होताहेत हा प्रश्न आपण चुकीच्या टोकाने धरला आहे. आपण मेलेल्या पक्ष्याचं पोट उघडतो आणि त्यात जे सापडेल त्याला खुनी ठरवतो. विचारायला हवं ते जिवंत पक्ष्याबद्दल. तो काय खातो, पाण्यात किती खोल पोचतो, घरट्यापासून किती लांब जाऊन परत येऊ शकतो, त्याच्या पिल्लाला वर्षातल्या नेमक्या कोणत्या आठवड्यांत कोणता मासा लागतो? हे एकदा मांडलं की प्लॅस्टिक, जाळी आणि तापमान हे तीन वेगवेगळे खटले उरत नाहीत. १९५० ते २०१० या साठ वर्षांत, जगात ज्या समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींची सलग मोजदाद झाली त्यांची एकूण संख्या सुमारे ७० टक्क्यांनी घटली. एवढी मोठी घट बाटलीच्या झाकणांनी होत नाही. ती व्हायला रोजच्या जेवणात काहीतरी बिघडावं लागतं.

कोल्हापूरकराला हे समजायला समुद्राकाठी जायची गरज नाही, गोठ्यात गेलं तरी पुरे. कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की उसाच्या फडातून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, स्वस्तात मिळतात. गवाण भरून वाढे टाकले की म्हैस ते आनंदाने खाते, तिचं पोट टम्म फुगतं, आणि तरीही काही दिवसांत दूध उतरतं. वाढ्यांत ऑक्झॅलेट असतं, ते शरीरातलं कॅल्शियम बांधून टाकतं. ज्यांच्या घरी दुभतं आहे त्यांना माहीत असतं की नुसत्या वाढ्यांवर म्हैस जगेल, पण गाभण राहायला, रेडकू वाढवायला आणि गंगावेशीतल्या कट्ट्यावर पेला भरून धारोष्ण दूध द्यायला पेंड लागते, खनिजं लागतात, हिरवी वैरण लागते. पोट भरणं आणि पोसलं जाणं यांतला हा फरक आपल्या अंगवळणी पडलेला आहे. मग समुद्रपक्ष्याबद्दल बोलताना "समुद्रात मासे काय कमी आहेत का?" असं आपण कसं विचारतो?

कारण मासा आणि मासा सारखा नसतो. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ मे नावाचं बेट आहे. तिथे गिलेमॉट नावाचे काळे-पांढरे पक्षी कड्यांवर दाटीवाटीने अंडी घालतात. गिलेमॉट पिल्लासाठी एका फेरीत एकच मासा चोचीत आडवा न धरता उभा धरून आणतो. एका फेरीला एक मासा, म्हणजे तो मासा चरबीने भरलेला असणं हीच त्या पिल्लाची पुंजी. २००४ साली या बेटावर पिल्लांची वाढ फार वाईट झाली. आईबाप मासे आणत होते, फेऱ्या होत होत्या, पण त्या वर्षी आणलेल्या माशांत नेहमीच्या मानाने ऊर्जाच फार कमी निघाली. त्याच सुमारास उत्तर समुद्रातल्या वसाहतींत पक्षी नळीमासा आणू लागले. तो सापासारखा लांब, कडक, हाडकुळा. तो पिल्लांच्या घशात अडकायचा, घरट्यांत न खाल्लेल्या नळीमाशांचे ढीग दिसायचे. दुरून दुर्बिणीने बघणाऱ्याला वाटलं असतं, किती छान, चोचीत मासा आहे! अलास्कात किटिवेक पक्ष्यांच्या पिल्लांना पिंजऱ्यात कमी चरबीच्या माशांवर वाढवून पाहिलं, तर ती पुढे अन्न शोधण्याच्या साध्या चाचण्यांतही मागे पडली. बालपणातलं निकृष्ट जेवण मेंदूपर्यंत पोचतं. कुपोषणाचे अहवाल वाचणाऱ्या महाराष्ट्राला हे वेगळं समजावून सांगायला नको. नामिबियाच्या किनाऱ्यावर १९७०च्या आसपास सार्डिन, म्हणजे आपल्या तारलीचे भाऊबंद, बेसुमार मासेमारीने संपले. तिथल्या पेंग्विनांना त्यांच्या जागी गोबी नावाचा कमी ऊर्जेचा मासा खावा लागला, आणि त्यांची संख्या कोसळली ती सावरलीच नाही. समुद्र रिकामा नव्हता. त्यात गोबी होते, जेलीफिश तर प्रचंड वाढले होते. पेंग्विनाच्या कामाचं मात्र फारसं काही उरलं नव्हतं.

दुसरी गोष्ट पोचण्याची. रंकाळ्यावर सकाळी थोडा वेळ उभं राहिलं तर नदी सुरय दिसतो. पिवळी चोच, काळी टोपी, दुभंगलेली शेपटी. तो पाण्यावर घिरट्या घालतो, एका जागी पंख फडफडवत थांबतो आणि सूर मारतो. किती खोल जातो? जेमतेम त्याचं अंग बुडेल इतकं. मासा दोन हात खाली असेल तर सुरयाच्या दृष्टीने तो नाहीच. त्याचे समुद्रातले नातेवाईकही असेच पृष्ठभागावर जगणारे. याउलट गिलेमॉट शंभर मीटरच्या खाली बुडी मारू शकतो. त्यामुळे एकाच समुद्रात, एकाच वर्षी, एकाची पिल्लं उपाशी मरतात आणि दुसऱ्याची तगतात. ब्रिटनमध्ये किटिवेक हा पृष्ठभागावर टिपून खाणारा पक्षी शतकाच्या सुरुवातीची गणना आणि २०१५-२१ची गणना यांच्या दरम्यान ४० टक्क्यांहून अधिक घटला. आणि आपल्या उष्ण समुद्रांची गोष्ट तर याहून गुंतागुंतीची आहे. काळसर सुरयासारखे पक्षी मोठ्या प्रमाणात ट्यूनावर, म्हणजे आपल्या कुप्यावर, अवलंबून असतात. कुपे खालून लहान माशांच्या थव्याचा पाठलाग करतात, मासे घाबरून पृष्ठभागावर उसळतात आणि वरून पक्षी टिपतात. कुपा कमी झाला तर लहान मासे कदाचित वाढतीलही, पण त्यांना वर हाकलणारं कुणी उरणार नाही. लक्षद्वीपच्या पिट्टी बेटावर घरटी करणाऱ्या सुरयांचं भवितव्य ते कधी चोच लावू शकणार नाहीत अशा मोठ्या माशाशी बांधलेलं आहे. नुसते "मासे किती" हे आकडे मोजून हे नातं कसं दिसणार?

इथे मला दुष्काळाचा इतिहास आठवतो, आणि मला तो नुसता अलंकार वाटत नाही. १८७६-७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये लाखो माणसं गेली. नोंदवह्यांत त्यांतल्या कितीकांच्या मृत्यूचं कारण पटकी, ताप, अतिसार असं लिहिलेलं आहे. शेवटचा घाव रोगाचा होता हे खरंच, पण तो घाव झेलण्याची ताकद कुणी काढून घेतली होती? १८७७च्या जानेवारीत सरकारचे दुष्काळ-प्रतिनिधी सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या मजुराची मजुरी उतरवून दिवसाला एक रत्तल धान्य आणि वर किरकोळ पैसे एवढ्यावर आणली. मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी त्याविरुद्ध कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेने आवाज उठवला. सरकारचा युक्तिवाद असा की माणूस एवढ्यावर जगू शकतो. आणि त्याच काळात हिंदुस्थानातून धान्य बाहेर जात होतं. पुढे अमर्त्य सेन यांनी १९४३च्या बंगालच्या दुष्काळाबद्दल दाखवून दिलं की उपासमारीला धान्याचा तुटवडाच लागतो असं नाही, धान्यापर्यंत पोचण्याची वाट तुटली तरी पुरतं. मेलेल्या पक्ष्याच्या पोटातल्या झाकणाकडे बोट दाखवणं हे त्या नोंदवहीत "पटकी" लिहिण्यासारखं आहे. नोंद खोटी नाही, पण तिच्यावर थांबणारा माणूस दुष्काळ बघायचा राहून जातो.

आता विरोधी बाजू. ती हलकी नाही आणि तिला हलकं लेखून माझा मुद्दा सिद्ध होणार नाही.

पहिला आक्षेप मला सगळ्यात वजनदार वाटतो. समुद्रपक्ष्यांवरच्या संकटांची जागतिक यादी केली तर सगळ्यात जास्त जातींना धोका आहे तो बेटांवर माणसाने नेलेल्या उंदीर-मांजरांचा. त्याखालोखाल मासेमारीच्या गळांत आणि जाळ्यांत अडकून मरण्याचा आणि हवामानबदलाचा. अन्नाची टंचाई या यादीत बरीच खाली येते. दक्षिण जॉर्जिया बेटावरचे उंदीर संपवण्याची मोहीम २०१८ साली यशस्वी झाल्याचं जाहीर झालं, आणि तिथे पक्षी परतू लागले. तिथे कुणी कुणाच्या ताटाची चर्चा केली नव्हती. हे मला पूर्ण मान्य आहे. जिथे उंदीर आहेत तिथे आधी उंदीर काढा. २०२२मध्ये बर्ड फ्लूने स्कुआ आणि गॅनेट पक्ष्यांच्या वसाहती झोडपल्या तेव्हाही मूळ प्रश्न जेवणाचा नव्हता. पण या यादीत जाती मोजलेल्या आहेत, आणि कारणं एकमेकांपासून सोडवून मांडलेली आहेत. प्रत्यक्षात ती एकमेकांत गुंतलेली असतात. अल्बट्रॉस गळाला का लागतो? कारण पृष्ठभागावर तरंगणारं खाद्य उचलणं हीच त्याची खाण्याची रीत आहे आणि गळावर मासा लावलेला असतो. म्हणजे गळाचं मरणही त्याच्या खाण्याच्या सवयीतूनच येतं. २००७ साली त्याच मे बेटावर अन्नाची इतकी ओढाताण झाली की गिलेमॉटचे दोन्ही आईबाप एकाच वेळी मासे शोधायला जाऊ लागले. एरवी दोघांपैकी एक जण पिल्लाजवळ थांबतोच. एकट्या पडलेल्या पिल्लांवर शेजारच्याच गिलेमॉटांनी हल्ले केले, कितीतरी पिल्लं मारली. त्या पिल्लांच्या मृत्यूचं कारण काय लिहायचं? शेजाऱ्याची चोच?

प्लॅस्टिकवाल्यांना माझं एवढंच सांगणं आहे की तुम्ही दाखवता ते छायाचित्र माझ्याच बाजूचं आहे. अल्बट्रॉस झाकण का गिळतो? उडत्या माशांची अंडी समुद्रात तरंगणाऱ्या कुठल्याही वस्तूला चिकटलेली असतात. पूर्वी ती वस्तू लाकडाचा ओंडका किंवा पिसाचा तुकडा असायची, आता ती प्लॅस्टिकची असते. पक्षी आपल्या पूर्वजांसारखाच वागतो आहे, बदललं ते ताट. ज्यांची खाण्याची रीत अशी आहे त्या अल्बट्रॉस-पेट्रेल कुळाला प्लॅस्टिकचा मार सगळ्यात जास्त बसतो, आणि खोल बुडी मारून जिवंत मासा पकडणाऱ्याला बराच कमी. तेव्हा कोणत्या पक्ष्यासाठी कोणतं प्लॅस्टिक धोक्याचं, हे ठरवायलाही त्याचा आहार माहीत असावा लागतो. प्लॅस्टिक थांबवायलाच हवं. पण किनाऱ्यावरच्या पिशव्या वेचून झाल्यावर आपलं कर्तव्य संपलं असं मानून, रात्री एलईडीच्या झोतात गोळा करून उपसलेल्या कोवळ्या मासळीकडे डोळेझाक करणं मला पटत नाही.

तिसरा आक्षेप विज्ञानातूनच येतो. लहान, थव्याने राहणारे मासे मुळातच लहरी असतात, समुद्राच्या तापमानाबरोबर त्यांची संख्या वर-खाली होते, मासेमारी थांबवली म्हणून पक्ष्यांना ते मिळतीलच असं नाही. २०१७ साली काही मत्स्यशास्त्रज्ञांनी हे आकडेवारीनिशी मांडलं. अलास्काचं उदाहरण त्यांच्या बाजूला उभं राहतं. २०१४ ते २०१६ या काळात ईशान्य प्रशांत महासागरात उष्ण पाण्याचा प्रचंड पट्टा तयार झाला, आणि कॉमन मर, म्हणजे तोच गिलेमॉट, उपासमारीने मेला. किनाऱ्यावर ६२ हजार मृत पक्षी मोजले गेले. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने एकूण मृत्यू ४० लाख धरले आहेत, म्हणजे अलास्कातल्या या पक्ष्यांपैकी निम्मे. हे जाळ्याने झालेलं नाही. मग जाळ्यावर बंधनं कशाला?

याचं उत्तर पेरू देतो. पेरूच्या किनाऱ्यावरची बेटं पाणकावळे, बूबी आणि झोळीवाल्यांच्या विष्ठेने, ग्वानोने, मढलेली होती. एकोणिसाव्या शतकात या खतावर पेरूची तिजोरी चालत होती, त्या बेटांच्या ताब्यावरून स्पेनशी १८६०च्या दशकात युद्ध झालं. या सगळ्या पक्ष्यांचं जेवण एकच, अँचोव्हेटा नावाचा बोटभर मासा. दर काही वर्षांनी एल निनो यायचा, पाणी तापायचं, अँचोव्हेटा खोल किंवा दूर जायचा आणि पक्षी लाखोंनी मरायचे. मग पाणी थंड व्हायचं आणि पक्षी पुन्हा वाढायचे. हे शतकानुशतकं चाललं होतं. १९५०च्या दशकाच्या मध्यावर तिथे दोन कोटींहून अधिक पक्षी होते. १९५७-५८च्या एल निनोने त्यांना झोडपलं, तरी पुढच्या काही वर्षांत ते बरेच सावरले. पण दरम्यान तिथे माशाची पूड करणारे कारखाने उभे राहिले. अमेरिका-युरोपातल्या कोंबड्या आणि डुकरांच्या खाद्यासाठी अँचोव्हेटा उपसला जाऊ लागला, १९७०मध्ये वर्षाची पकड १ कोटी २० लाख टनांच्या वर गेली. १९६५ला पुन्हा एल निनो आला, पक्षी पुन्हा मेले, आणि या वेळी ते पूर्वीच्या संख्येला कधीच परतले नाहीत. १९७२च्या एल निनोत तर मासेमारीही कोसळली. एल निनो तोच होता, पक्षी तेच होते. नवीन काय होतं? संकटानंतर सावरायला जे अन्न लागतं ते आधीच कोंबडीखाद्याच्या पोत्यांत गेलेलं होतं. पाऊस सरकारच्या हातात नसतो हे १८७७लाही खरं होतं, पण त्यामुळे धान्य बाहेर पाठवण्याचा निर्णय निसर्गाचा ठरत नाही. समुद्र तापणार हे जितकं पक्कं, तितकं पक्ष्यांसाठी काहीतरी शिल्लक ठेवणं अधिक निकडीचं.

किती शिल्लक? २०११मध्ये जगभरातल्या सात परिसंस्थांतल्या चौदा जातींच्या अनेक दशकांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या गेल्या. लहान माशांचा साठा त्याच्या कमाल पातळीच्या साधारण एक तृतीयांशाखाली गेला की पक्ष्यांची पिल्लं जगवण्याची क्षमता झपाट्याने घसरते, असं त्यात दिसलं. ही रेषा सगळीकडे जशीच्या तशी लागू पडेल असं मी म्हणत नाही. आणि संपूर्ण समुद्रातल्या साठ्यापेक्षा वसाहतीभोवतीचा साठा महत्त्वाचा, कारण पिल्लू घरट्यात असताना आईबापांची धाव मर्यादित असते. पण "एक तृतीयांश पाखरांसाठी" ही कल्पना आपल्याला परकी का वाटावी? खळ्यावर रास झाल्यावर पाखरांसाठी मूठभर धान्य बाजूला टाकणारी माणसं याच जिल्ह्यात होती, काही घरांत अजून आहेत.

आता त्या मुलाचा प्रश्न. माणसाचं पोट आधी की पक्ष्याचं? हा प्रश्न असा विचारला की उत्तर ठरलेलंच असतं, आणि मीही तेच उत्तर देईन. पण प्रश्नाची मांडणीच चुकीची आहे. जगात पकडल्या जाणाऱ्या मासळीचा साधारण पाचवा हिस्सा माणसाच्या ताटात थेट जातच नाही. तो मुख्यतः पूड आणि तेल होऊन पशुखाद्यात, आणि आता सगळ्यात जास्त मत्स्यशेतीत जातो. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरही पूड-कारखान्यांकडे जाणाऱ्या बारक्या मासळीत उद्याचे बांगडे, तारली, सुरमई असतात. वाढू दिली असती तर तीच मासळी अंबा घाट नाहीतर करूळ घाट चढून आपल्या बाजारात चांगल्या भावाने विकली गेली असती. त्या मुलाच्या आजोबांची रापण किनाऱ्यालगत ओढली जाते, माणसांच्या हातांनी. तिची बरोबरी अख्खा थवा वेढून उचलणाऱ्या पर्ससीन जाळ्याशी कशी करता येईल? महाराष्ट्राने २०१६मध्ये पर्ससीनवर निर्बंध आणले, केंद्राने २०१७मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, राज्याने २०२३मध्ये ५४ जातींसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. यातला एकही नियम पक्ष्यांसाठी केलेला नाही. ते लहान मच्छीमाराच्या मागणीतून आणि माशांच्या चिंतेतून आले. पण ते नीट पाळले गेले तर सुरयाचंही भलं होणार आहे. मच्छीमार आणि पक्षी एकमेकांसमोर उभे आहेत हे चित्र शहरात बसून काढलेलं आहे.

इंग्लंड आणि स्कॉटलंडने २०२४मध्ये उत्तर समुद्रातल्या आपल्या पाण्यात सँडईल पकडायला बंदी केली, तेव्हाही हाच वाद झाला. सँडईल हा बारीक, चरबीदार मासा किटिवेक आणि पफिनच्या पिल्लांचं मुख्य अन्न, आणि त्याची मासेमारी जवळजवळ सगळी पूड-तेलासाठी, मुख्यतः डेन्मार्कची. युरोपीय संघाने बंदीला लवादापर्यंत आव्हान दिलं. त्या बोटींवरच्या खलाशांचं नुकसान खरं आहे आणि त्यांना पर्यायी काम, भरपाई मिळाली पाहिजे हेही मला मान्य आहे. पण बंदी उठवा म्हणणाऱ्यांनी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांची नोंद वाचावी. १९८०च्या दशकात तिथे सँडईल आटले आणि आर्क्टिक सुरयांच्या वसाहतींत ओळीने काही वर्षं पिल्लं जवळपास वाढलीच नाहीत. सुरय दीर्घायुषी, त्यामुळे प्रौढ पक्षी दरवर्षी येत राहिले, किनारा भरलेला दिसत राहिला. संख्या घटलेली दिसायला लागते तोवर खूप उशीर झालेला असतो. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकी पेंग्विनचं हेच झालं. आता दहा हजारांहून कमी जोड्या उरल्या, २०२४मध्ये तो अतिसंकटग्रस्त ठरला, आणि २०२५मध्ये न्यायालयात तडजोड होऊन सहा वसाहतींभोवती सार्डिन-अँचोव्ही पकडणं दहा वर्षांसाठी थांबवायचं ठरलं. पिसं बदलताना पेंग्विन सुमारे तीन आठवडे जमिनीवर अडकून असतो, काहीही खाऊ शकत नाही. त्याआधी अंगावर चरबी चढली नाही तर तो उभ्या जागी मरतो. अशा पक्ष्याला "दुसरीकडे जाऊन खा" म्हणता येत नाही.

एक युक्तिवाद मला वारंवार ऐकू येतो की मासेमारी तर पक्ष्यांना खाऊ घालते, बोटीमागे कुरव, म्हणजे सीगल, कसे घिरट्या घालतात बघा. हो, घालतात. दक्षिण आफ्रिकेत गॅनेट पक्षी ट्रॉलरने फेकलेल्या हेक माशाच्या कचऱ्यावर तुटून पडायचे. प्रौढ पक्षी त्यावर तगले, पिल्लं मात्र नीट वाढली नाहीत. म्हैस आणि वाढे. उत्तर समुद्रात बोटींवरून फेकला जाणारा कचरा कमी झाला तेव्हा त्यावर पोसलेले मोठे स्कुआ दुसऱ्या समुद्रपक्ष्यांना मारून खाऊ लागले. गेटवेहून घारापुरीला जाणाऱ्या लाँचवर आपण हौसेने कुरवांपुढे गाठी आणि कुरकुरे उधळतो. ते कुरव हिमालयापलीकडून, तिबेटच्या तळ्यांवरून हिवाळ्यापुरते आलेले असतात, आणि परतीच्या प्रवासाची चरबी त्यांना इथे जमवायची असते. भूतदया म्हणून ते करणाऱ्यांची भावना मी समजू शकते, पण ते दान नाही.

आणि "आहारावरून कारण शोधणं" हा काही पुस्तकी खेळ नाही. गिधाडांचं काय झालं ते आपल्या डोळ्यांदेखत घडलं. १९९०च्या दशकात देशभर गिधाडं पडू लागली, तेव्हा विषाणू, कीटकनाशकं, झाडतोड, सगळ्यांवर संशय घेतला गेला. २००४मध्ये कारण कळलं ते त्यांच्या जेवणात. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जात होतं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करत होतं. २००६मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, पर्याय म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आलं. तोवर पांढऱ्या पुठ्ठ्याची गिधाडं ९९ टक्क्यांहून अधिक गेली होती. ताटाकडे दहा वर्षं आधी पाहिलं असतं तर?

केरळात तारली २०१२मध्ये सुमारे चार लाख टन मिळाली आणि २०२१मध्ये ३,२९७ टन. हा हिशेब शेवटच्या टनापर्यंत ठेवलेला आहे, आणि तो ठेवणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. त्याच किनाऱ्यावरच्या पाखरांनी त्या नऊ वर्षांत पिल्लांना काय भरवलं, हे कुणी त्याच काटेकोरपणे विचारलं का? वेंगुर्ल्यासमोरच्या खडकांवर सुरय घरटी करतात. त्यांच्या चोचीतला मासा कोणता, किती लांबीचा, दिवसाला किती फेऱ्या, याची वर्षानुवर्षं नोंद राहिली तर समुद्रात काय बिघडतंय ते मासळीच्या लिलावाआधी कळेल. माझी मागणी एवढीच आहे. घरट्यांच्या खडकांभोवती पिल्लांच्या दिवसांत मोठी जाळी नकोत, किमान आकारमानाचा नियम बंदरावर खरोखर तपासला जावा, कोवळ्या मासळीची पूड थांबावी, आणि पाखरांच्या चोचीची नोंदवही राज्याच्या मत्स्यव्यवहाराचा भाग व्हावी. ही नोंदवही लिहायला सगळ्यात लायक माणूस सभागृहात उभा होता आणि आपण त्याला आरोपी समजून गप्प बसलो.

बैठक संपल्यावर मी त्याला बाहेर गाठलं. तो म्हणाला, "ताई, आजोबा पाखरं बघूनच सांगतात मासळी कुठे आली ते. पण पाखराच्या तोंडात काय आहे, ते आम्ही कधी बघितलं नाही." मी त्याला माझी जुनी दुर्बीण दिली. दिवाळीत तो घरी गेला आणि एका सकाळी त्याचा संदेश आला: "तासाभरात एका सुरयाने १४ सूर मारले. दोनदा मासा लागला. दोन्ही पेडवे, बोटापेक्षा लहान. आजोबा म्हणतात, पूर्वी याच दिवसांत मोठे असायचे."